पाणाड्याचे डोळे बांधले तेव्हा

गाडीचं काम सुटून आता बराच काळ झाला, तरी अजून रस्त्यात कुठे टेम्पोचा मागचा फाळका धाडकन पडल्याचा आवाज आला की माझे खांदे आपोआप दुखायला लागतात. जालना जिल्ह्यात एका संस्थेची फिरती प्रयोगशाळा होती. तिचा मी सादरकर्ता. हुद्दा ऐकायला बरा आहे. काम म्हणजे पेट्या उतरवायच्या, पेट्या चढवायच्या आणि मधल्या वेळात बोलायचं. घसा आणि पाठ, दोन्ही त्यातच गेली.

बाहेरच्यांना हा धंदा काय होता ते सांगतो. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात काही माणसांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. थोरामोठ्यांनी सांगितलं, पोथीत लिहिलं, म्हणून मानायचं नाही. स्वतः करून बघायचं, मग मानायचं. त्यांनी जे जे करून बघितलं, ते आम्ही गावोगाव करून दाखवायचो. एकाने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि त्याला गुरूभोवती फिरणारे चंद्र दिसले. एकाने काचेच्या लोलकातून ऊन पाडलं आणि त्यातून रंग काढले. एकाने भांड्यातली हवा उपसून आत काय होतं ते पाहिलं. नावं सांगायला लागलो की पुढच्या रांगेतली मंडळी तंबाखू मळायला घेत, म्हणून मी नावं सोडूनच दिली. दुर्बीणवाला, लोलकवाला, हवावाला. गावात तेवढ्यावर भागायचं, इथेही भागवून घ्या.

मी मुळात विज्ञानाचा नव्हे, राज्यशास्त्राचा. त्याच काळातले दुसरे काही लोक आम्हाला बी.ए.ला अभ्यासाला होते. राजा देवाने नेमलेला नसतो, माणसांनी आपसांत केलेल्या करारातून राज्य उभं राहतं, असं म्हणणारे. त्यातल्या एकाने देशात यादवी पाहिली होती आणि त्याने भलताच धसका घेतला होता. तो म्हणे, वर कुणी नसेल तर माणसं एकमेकांचे गळे धरतील, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक कुणीतरी नेमा आणि मग त्याचं मुकाट्याने ऐका. त्याला आम्ही वर्गात भितरा म्हणायचो. त्याच्यानंतरचा दुसरा म्हणे, नेमलेला माणूस विश्वासाला जागला नाही तर दिलेला अधिकार परत काढून घ्या. परीक्षा संपली आणि हे दोघेही माझ्या डोक्यातून गेले. राज्यशास्त्राला नोकरी मिळेना, विज्ञानाच्या गाडीवर मिळाली, आणि गाडीवर त्यांचं काही काम पडेल असं वाटलं नव्हतं.

गाडी चालवायला हमीदभाई. जालन्याच्या मस्तगडात आमच्या मागच्याच बोळात राहणारे. आधी एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यातून माल वाहायचे. आमच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगाचं सामान त्यांनीच तिथून आणलं होतं: एक नारळाएवढा लोखंडाचा गोळा आणि एक लिंबाएवढा. दोन्ही उंचावरून एकदम सोडायचे आणि लोकांना विचारायचं, आधी कुठला पडेल?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दुर्बिणीतून आपल्या शेतातली मोटार कोण चालू करतंय ते दिसेल का, असं विचारणारा प्रत्येक गावात एक तरी भेटायचाच. एका हेडमास्तरांनी लोलकाचा प्रयोग मधेच थांबवला, कारण तो वरच्या वर्गाच्या पुस्तकात होता आणि समोर खालचा वर्ग बसला होता. एक आजी चंद्राकडे खूप वेळ बघत राहिल्या आणि डोळा न काढता म्हणाल्या, "खड्डे तिथं बी हायेत तर." मला हसू आलं, पण गावचे ग्रामसेवक शेजारीच उभे होते, ते काही हसले नाहीत.

हे सगळं आठवतं आणि विसरतं. विसरत नाहीत ते किसनआबा.

गाव घनसावंगीच्या अलीकडचं, नदीपासून लांब, माळावरचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून एकमेकांच्या शेजारी राहायचंय. गावाच्या दोन गल्ल्या, वरची आणि खालची. मधे शाळेचं मैदान आणि पाण्याची उंच टाकी. सरपंच शोभाताई, खालच्या गल्लीतल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की काम उरकणाऱ्या.

त्या दिवशी टाकीवरून गोळे टाकायचे होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला, आधी कुठला पडेल? लोक एकदम ओरडायला लागले. शोभाताईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "असं न्हाई. गावाचं मत घेऊ. जड गोळा आधी पडंल म्हणणारांनी हात वर करा." सगळे हात वर. "मंजूर," शोभाताई म्हणाल्या. मंजूर झाल्यावर हमीदभाईंनी वरून गोळे सोडले. वाळूवर एकच धप्प झालं.

लोक वाळूतल्या खळग्यांकडे वाकून बघायला लागले. मग एक जण म्हणाला, "एकदमच पडले, पण जड जरासं आधी एकदम पडलं." दुसरा म्हणाला, "परत टाका, अन् या टायमाला बराबर टाका." हमीदभाईंनी पुन्हा पुन्हा टाकले. शेवटी वरूनच ओरडले, "साब, हे लोक गोळ्याचं ठराव बदलल्याबिगर मला खाली उतरू देत न्हाईत."

मी हसत हसत तेव्हा जे बोललो ते चांगलं बोललो होतो असं मला वाटायचं. म्हणालो, काही गोष्टी हात वर करून ठरवायच्या असतात आणि काही डोळ्यांनी बघून. गोळा कधी पडेल हे हात वर करून ठरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय ठाऊक, दोन्हींचा गुंता याच गावात माझ्या गळ्यात पडणार होता.

दिवेलागणीला दुर्बीण लावली. गुरूचे चंद्र दाखवले. रांगेत एक उंच, सडपातळ म्हातारा होता, स्वच्छ धोतर, डोक्याला टापटीप पटका. हा माणूस रांगेतून परत परत फिरून येत होता. ते किसनआबा, गावचे पाणाडे. बोअर कुठे मारायचं ते सांगणारे. हाताच्या तळव्यावर आडवा नारळ ठेवून रानातून चालायचे. जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे खाली पाणी. आजूबाजूच्या गावांतून त्यांना न्यायला माणसं येत. घ्यायचे काय, तर पान-सुपारी आणि तोच नारळ. लोक पाया पडत.

दुर्बीण आवरताना आबा जवळ आले. म्हणाले, "सर, सगळं पाहून खात्री करायची म्हणता तुम्ही. लई आवडलं मला. मंग माझी बी करा की. उद्या सकाळी शाळंपाशी बोअरची जागा दाखवायचीच हाय."

मला खरं तर नको होतं. त्या वेळी आमची सलग फिरती चालू होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं होतं. शिवाय पाणाड्यांच्या वाटेला जायचं नाही हा आमचा अलिखित नियम होता, कारण त्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. पण आबांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. आपण पासच होणार असं वाटणाऱ्या माणसाला परीक्षा नाकारायची कशी? राहिलो.

परीक्षा साधी होती. आबांनी आधी नेहमीसारखं उघड्या डोळ्यांनी मैदान फिरायचं आणि नारळ उभा राहील तिथे पांढऱ्या फक्कीची खूण करायची. मग डोळ्यांवर घट्ट पंचा बांधून, दोघांनी हात धरून वेगळ्या वाटेने त्यांना त्याच मैदानावरून न्यायचं. नारळाला पाणी कळत असेल तर तो पुन्हा त्याच खुणांवर उठला पाहिजे. डोळे नारळाला नसतात, आबांना असतात.

उघड्या डोळ्यांनी आबा चालले तेव्हा नारळ असा उठला की माझ्याही अंगावर काटा आला. फक्कीच्या खुणा झाल्या. मग डोळे बांधले. आबा चालत राहिले. फक्कीच्या खुणेवरून गेले, नारळ आडवाच. पुढे भलत्याच जागी उभा राहिला. पुन्हा नेलं, पुन्हा तिसरीच जागा. गावाला आधी मौज वाटली, मग कुजबुज सुरू झाली, मग माणसं खाली बघायला लागली.

मी पंचा सोडला. आबांनी आधी खुणा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना समजावलं की तुम्ही कुणाला फसवत नाही. माणसाच्या मनात जागा ठरलेली असते, हाताचे स्नायू त्याच्या नकळत किंचित हलतात आणि आपल्याला वाटतं नारळच उठला. आबांनी ऐकून घेतलं.

गावाने मात्र निकाल लावून टाकला. पंच्यामुळे शक्ती अडली, असं ठरलं. बोअर आबांच्या पहिल्या खुणेवरच मारलं. आणि पाणी लागलं! चांगलं लागलं.

हे आम्हाला पुढे कळलं. त्या वाटेवरून जाताना गावकऱ्यांनी गाडी अडवून मला आणि हमीदभाईंना हार घातले. सत्कार नेमका कशाचा ते मला कळेना. मी सांगत होतो की त्या मैदानात इतर ठिकाणीही पाणी लागलं असतं कदाचित, एका यशाने काही सिद्ध होत नाही. ऐकतंय कोण? हमीदभाई कानाशी म्हणाले, "साब, हार घ्या आन चला जल्दी. पाणी लागल्यावर कुणी हिशेब ऐकतंय का?" हाराच्या गर्दीत आबा कुठे दिसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात शोभाताईंचा फोन आला. शाळेपाशीच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात पुरेना, टँकर सुरू झाला होता. गावाला दुसरं बोअर मंजूर झालं होतं आणि आबा नारळ धरायला तयार नव्हते. "सर, बिघडवलं तुम्ही हाय. येऊन नीट करून द्या."

गेलो. शोभाताई ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच बसल्या होत्या. मी माझी नेहमीची टेप लावली, की ताई, भूजलवाल्यांना बोलवा, शास्त्रीय पद्धतीने जागा काढा. त्यांनी सगळं ऐकलं.

"ते येऊन गेले," त्या म्हणाल्या. "दोन जागा बऱ्या हायेत म्हणले. एक वरच्या गल्लीत, एक खालच्या. दोन्ही सारख्याच. मंग आता सांगा, कुठली घ्यायची?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"सर, नारळाला काही कळत न्हाई हे मला लग्न होऊन आल्ते तवापासून माहीत हाय. पण नारळानं सांगितलं की दोन्ही गल्ल्या गुमान बसत्यात. मी सांगितलं तर म्हणतील, बाई खालच्या गल्लीची. उपसरपंचानं सांगितलं तर म्हणतील, तो वरच्या गल्लीचा. नारळ कुणाच्याच गल्लीचा न्हाई. तुम्ही त्यो बी मोडून ठेवला. आता पाण्यावरून डोकी फुटली तर तुमची दुर्बीण येणार हाय का सोडवायला?"

तेव्हा मला इतक्या वर्षांनी तो भितरा आठवला. वर कुणी नसेल तर माणसं एकमेकांचे गळे धरतील. ज्याला नेमायचं तो शहाणा असलाच पाहिजे असं नाही, फक्त सगळ्यांना मान्य असला पाहिजे. वर्गात आम्ही त्याला हसलो होतो. आणि इथे चौथीपर्यंत शिकलेल्या बाई तेच मला तोंडावर सांगत होत्या. त्यांना नारळाच्या खरेपणाशी कर्तव्य नव्हतं, गावातल्या शांततेशी होतं, आणि ती काळजी खोटी म्हणायची माझी छाती झाली नाही. खरं सांगतो, मी फार थकलो होतो. मनात आलं, आबांची समजूत घालावी, त्यांनी नारळ धरावा आणि आपण घरी जावं.

आबांचं घर वरच्या गल्लीत. ते खाटेवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

"या. पुन्हा डोळे बांधायला आले का?"

मी म्हणालो, आबा, गावाची अडचण आहे. तुम्ही नुसता नारळ धरा.

"नुसता कसा धरू?" आबा म्हणाले. "सर, मी बिलकुल कुणाला फसवलं न्हाई. नारळ उठायचा. आताबी उठतो. तुम्ही गेल्यावर म्हातारीकडून रोज डोळे बांधून घेऊन आंगणात फिरलो मी. दर बारी वेगळ्याच जागी. मंग एक दिवस इथं खाटंवर बसल्या बसल्या नारळ हातात घेतला, तर इथंच उठला. खाटंखाली काय नदी हाय का?" ते हसले, पण हसणं चांगलं नव्हतं. "लोकं पाया पडायचे. आता म्हातारी बी हसती. पाणी लागलं त्या दिवशी सगळं गाव नाचून राह्यलं होतं, अन् मी इथं तोंड लपवून बसल्तो. तुमचं भलं होवो, काय म्हणू दुसरं."

मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी गावागावांत सांगत फिरलो, करून बघा, स्वतः खात्री करा. टाळ्या वाजवून सगळे घरी गेले. घरी जाऊन खरंच करून बघितलं ते एकट्या आबांनी, आणि त्याने त्यांचा मान गेला, काम गेलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या दुर्बीणवाल्याचं पुढं काय झाल्तं?"

मी सांगितलं. धर्माच्या कोर्टात उभं केलं, पृथ्वी फिरते हे म्हणणं त्याच्याकडून मागे घेववलं आणि मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवलं.

"त्यानं मागं घेतलं?"

"घेतलं. म्हातारा झाला होता. थकला होता."

आबांनी खाटेची सैल झालेली दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "त्याला निदान काहीतरी मालूम तर होतं. मला तर मालूम न्हाई एवढंच म्हणायचंय, तर ते बी म्हणू देईनात."

मग ते उठले, पटका बांधला आणि म्हणाले, ग्रामसभा लावा.

सभा शाळेच्या मैदानात झाली. आबा मोकळ्या हातांनी उभे राहिले. म्हणाले, नारळाला पाणी कळत नाही आणि मलाही कळत नाही. "पण नारळाबिगर सांगतो, पटलं तर घ्या. जागा दोन्ही सारख्याच म्हणत्यात तर खालच्या गल्लीत मारा. टँकर आधी वर येतो, खाली जाईस्तोवर रिकामा होतो. मी वरच्या गल्लीचा हाय, मला दिसतं ते."

इतका सरळ न्याय मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. मला वाटलं, आता टाळ्या पडतील. वरच्या गल्लीतून एक तरणा माणूस उठला. "नारळ बोलला तर ऐकलं असतं. हे तर आबाचं मत झालं. आबाचं मत आम्ही का म्हणून मानावं?" आबांना फितूर म्हणणारेही निघाले, त्यांच्याच भावकीतले. आणि खालच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्या बाजूने आबा बोलले होते, तीही मान खाली घालून बसली. त्यांनाही नारळच हवा होता. शोभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. शेवटी ठरलं की शेजारच्या तालुक्यातून दुसरा पाणाड्या आणायचा. सर्वानुमते मंजूर.

त्या पाणाड्याचा नारळ वरच्या गल्लीत उठला. बोअर मारलं. नुसता फुफाटा उडाला, पाणी नाही.

हे आम्हाला सभेनंतर काही दिवसांनी कळलं, तेही आबांच्याच दारात. दुसऱ्या गावाला निघालो होतो, हमीदभाईंनीच मला न विचारता गाडी वळवली. आबांच्या ओसरीत दहा-बारा माणसं बसली होती, दोन्ही गल्ल्यांतली. पुढे तोच तरणा, हातात शाल आणि नारळ. शोभाताई एका बाजूला उभ्या होत्या. बोअरची गाडी अजून गावात होती, परत फिरायच्या आत आणखी एक प्रयत्न करायचा होता. तरणा हात जोडून म्हणाला, "आबा, चुकलं आमचं. तुमचंच बराबर होतं. आता तुम्ही म्हणाल तिथंच मारू. एवढी शाल घ्या आन नारळ हातात धरा."

मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याचा मान परत आला. नुसतं हो म्हणायचं होतं. गाव पुन्हा पाया पडणार होतं, खालच्या गल्लीलाही बोअर मिळणार होतं, भांडण मिटणार होतं.

आबांनी शालीला हात लावला नाही.

"माझं बराबर होतं, हे कुणी ठरवलं?" ते म्हणाले. "वर पाणी न्हाई लागलं म्हणून खाली हाय, असं कुठं झालं? खालच्या गल्लीचा हक हाय म्हणून मी ती जागा सांगितली. हक हाय म्हणून पाणी लागतं का? मारा बोअर, मंग कळंल. तवर मला बी माहीत न्हाई, तुम्हाला बी न्हाई, अन् ह्या सरांना तर मुळीच न्हाई."

तरण्याने शोभाताईंकडे पाहिलं, मग शालीची नीट घडी घातली आणि ती नारळासकट परत पिशवीत ठेवली.